तीन ठिपक्यांचा रोटर

पुढील हकीकत एका दुपारची असून तीत एका जुन्या मोटरसायकलचे डावीकडचे झाकण उघडण्यापलीकडे विशेष काही घडत नाही, हे वाचकांस आरंभीच नम्रपणे कळवितो. तथापि त्या झाकणाआड जे होते ते सांगितल्यावाचून राहवत नाही, म्हणून हा खटाटोप.

थोरल्याने पेचकसाचे टोक पहिल्या स्क्रूच्या खाचेत बसवले आणि मुठीवर हातोडीचा हलका ठोका दिला. स्क्रू जागचा हलला नाही. त्याने दुसरा ठोका दिला, तोही हलकाच. तीस वर्षे या कामात मुरलेल्या हाताला असला स्क्रू एका ठोक्यात सुटतो हे काय ठाऊक नव्हते? पण स्क्रू सुटला की पुढचे बघावे लागणार होते.

गाडी लाकडी ठोकळ्यावर उभी होती. पुढचा दिवा जागेवर नव्हता. हँडल एका बाजूला मुरगळलेले होते, आणि टाकीला जो खड्डा पडला होता त्यात ट्रकच्या फाळक्याचा हिरवा रंग अजून चिकटून होता. पोलीस चौकीतून ती कालच सुटून आली होती. तिचा आणि या दुकानाचा मालक, म्हणजे थोरल्याचा धाकटा भाऊ, अकरा दिवसांपूर्वी हिच्यावरच गेला. खाणीच्या उतारावर दिवा आणि इंजिन दोन्ही एकदम बंद पडले, आणि अंधारात कडेला उभा असलेला ट्रक त्याला दिसला नाही, एवढे मागून येणाऱ्या एका सायकलवाल्याने सांगितले होते. बंद का पडले, ते कोणी सांगू शकले नव्हते.

"उघड बाबा, उघड," दारात एका टायरवर बैठक मारून बसलेला शेजारचा टायरवाला म्हणाला. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

टायरवाला मनाने वाईट नव्हता. तोंडाला मात्र त्याच्या फाटक नव्हते. ज्याला स्वतःच्या गाडीचा दिवा सांभाळता आला नाही त्याच्या दुकानात आपली गाडी कोण टाकणार, हा शब्द गल्लीत पहिल्याने त्याच्याच तोंडून निघाला होता, आणि चौथ्या दिवशी दोन गिऱ्हाइके येऊन आपापल्या गाड्या ढकलत घेऊन गेली होती. आजही झाकणाआडचे पहिल्याने आपल्यालाच दिसावे म्हणून तो जेवण टाकून येऊन बसला होता.

"तुमच्या दुकानात कोणीतरी आलंय वाटतं," आतून आवाज आला.

बोलली ती धाकटी, म्हणजे मेलेल्या भावाची बायको. टायरवाल्याने मान वळवून आपल्या दुकानाकडे पाहिले. तिथे चिटपाखरू नव्हते. तो क्षणभर तसाच बसला, मग त्याला उमगले, आणि गुडघ्यांवर हात टेकून तो उठला.

"आलंय खरं," असे म्हणून तो गेला.

धाकटीने दाराची एक फळी ओढून घेतली. दुकानाच्या आतल्या अंगाला तिचे टेबल होते. त्यावर तांब्याच्या तारेचे रीळ, हाताने फिरवायचे गुंडाळणीचे यंत्र आणि वार्निशचा डबा. स्टेटरच्या कॉइली गुंडाळण्याचे काम ती लग्नानंतर सासऱ्यांच्या हाताखाली शिकली होती. सासरे कोणाला सहजासहजी बरे म्हणणारे नव्हते, पण सुनेच्या गुंडाळणीला ते नख लावून बघत आणि काही न बोलता पुढे सरकत. त्या घरात याहून मोठे प्रशस्तिपत्र नव्हते.

"दादा, उघडायच्या आधी एक सांगायचंय," ती म्हणाली.

थोरल्याने पेचकस खाचेतून काढला नाही.

तिने सांगितले ते असे. या गाडीचा स्टेटर तिनेच गुंडाळला होता. तिसरी कॉइल चालू असताना वरून सासूबाईंनी पाण्यासाठी हाक मारली. ती उठून गेली, आणि परत येऊन बसली तेव्हा किती वेढे झाले होते ते तिला नीट आठवेना. उलगडून पुन्हा करायला हवे होते. तिने अंदाजाने पुढे चालू केले. गाडीची बॅटरी दुसरीकडे चार्जिंगला दिलेली होती, म्हणजे त्या संध्याकाळी दिवा काय आणि इंजिनची ठिणगी काय, सगळे तिच्या त्या कॉइलींवर चालले होते. एक कॉइल जळाली असती तर दोन्ही एकदम गेले असते. दोन्ही एकदमच गेले होते.

"हे मी कुणापाशी बोलले नाही. आईंपाशीसुद्धा नाही," ती म्हणाली. "तुम्ही उघडा आणि जे असेल ते मला तोंडावर सांगा. मला सांभाळून घेऊ नका. गल्ली यांना नावं ठेवतेय. दोष माझा असेल तर मी उद्या दारात उभी राहून सांगेन."

थोरल्याने तिसरा ठोका दिला, आणि स्क्रू सुटला.

येथे वाचकांस थोडे मागे नेणे भाग आहे.

या दोघा भावांचा बाप जुन्या मोटरसायकलींचा मिस्त्री होता, आणि जोडी जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रोटर म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवर बसून फिरणारा चुंबकाचा गोळा. स्टेटर म्हणजे त्याच्याभोवती घट्ट बसवलेले कॉइलींचे कडे. दोहोंच्या मध्ये केसाएवढी फट. ती वाढली तर दिवा मिणमिणतो, आणि कमी झाली तर फिरणारा न फिरणाऱ्याला घासतो. जुन्या गाड्यांचे शाफ्ट झिजलेले, रोटर निरनिराळ्या सालचे. दिसायला सगळे एका आईची लेकरे, मापाला मात्र प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. म्हणून बाप एकेक रोटर एकेका स्टेटरशी जुळवून बघे आणि जमलेल्या जोडीवर टोकदार पंचाने ठिपके ठोके. एक ठिपक्याची जोडी, दोन ठिपक्यांची, तीन ठिपक्यांची, अशा एकोणीस जोड्या त्याने मागे ठेवल्या. फट मोजायला पोलादी पाते चालत नाही, कारण चुंबक त्याला ओढून धरतो. म्हणून बाप एक्स-रेच्या फिल्मची बोटभर पट्टी कापून घेई आणि ती फटीतून सगळीकडून फिरवून बघे. पट्टी कोठेही न अडता एक फेरी झाली की जोडी पास.

बाप गेला आणि वर्षाच्या आत भाऊ वेगळे झाले. कारण सांगण्यासारखे नव्हते. जे होते ते सांगण्यासारखे राहिले नाही. वाटणीला मामा बसले. हत्यारे वाटली, बाके वाटली, आणि गाडे जोड्यांवर येऊन अडले. एकोणिसाचे दोन सारखे भाग होत नव्हते. दहा कोणाला आणि नऊ कोणाला, यावरून दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी थोरला संतापून म्हणाला की मग रोटर मला आणि स्टेटर त्याला, फिटंफाट. मामांना वाटले, हा तोंडातून गेलेला शब्द आहे, दुसरा हसेल आणि विषय मिटेल. पण धाकटाही त्याच बापाचा. चालेल, म्हणाला. गल्ली त्यानंतर कित्येक महिने हसत होती, की दोघा भावांनी एकच बुटांचा जोड घेतला, एकाने डावा घातला आणि एकाने उजवा, आणि दोघेही ऐटीत लंगडत निघाले.

सहा वर्षे दोघांनी बाहेरून मिळेल ते आणून आपापल्या गाड्या चालवल्या. सहा वर्षे एकमेकांची पायरी चढले नाहीत. आई धाकट्याकडे वरच्या खोलीत होती. खुबा मोडल्यापासून तिला जिना उतरता येत नव्हता, आणि थोरला जिना चढत नव्हता. मयताच्या दिवशीसुद्धा तो दारातूनच परतला होता. आज धाकटीने गाडी उघडायला बोलावले, म्हणूनच तो या दुकानात आला होता.

आणि तीन आठवड्यांपूर्वी धाकटी त्याच्या दुकानात आली. तीन ठिपक्यांचा रोटर पाहिजे, यांच्या गाडीचा ढिला झाला आहे, म्हणाली. थोरल्याने उद्या या म्हणून सांगितले. तीन ठिपक्यांचा रोटर त्याच्या फडताळात, समोर, डोळ्यांच्या रेषेत होता. तो त्याने उचलला आणि परत ठेवला. अडले तेव्हा दार आठवले, तेही बायकोला पुढे करून, असे काहीसे त्याच्या मनात आले असावे. त्याने शेजारचा, दोन ठिपक्यांचा रोटर घेतला. तो अंगाने किंचित जाड होता. बापाचाच पंच काढून त्याने त्या दोहोंच्या ओळीत तिसरा ठिपका ठोकला आणि वरून काळे ग्रीस फासले.

कोणाचा जीव घ्यावा असे त्याच्या स्वप्नातही नव्हते. त्याचा हिशेब सरळ होता. भाऊ पट्टी फिरवणार, पट्टी अडणार, त्याला खोड कळणार, आणि तो तणतणत येऊन रोटर समोर आपटणार. स्वतः येणार. मग काय व्हायचे ते झाले असते. शिव्या झाल्या असत्या, कदाचित चहाही झाला असता. धाकटी दुसऱ्या दिवशी येऊन फडक्यात बांधलेला रोटर घेऊन गेली. थोरल्याने आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी आला तो निरोप आला.

झाकण निघाले, आणि जळक्या वार्निशचा वास दुकानात पसरला.

धाकटी जवळ येऊन उकिडवी बसली. आत खालच्या बाजूच्या दोन कॉइली काळ्या पडल्या होत्या. त्यांतली एक तिसरी होती. तिने बोटाने क्रम मोजला, मग दुसऱ्या बाजूने पुन्हा मोजला.

"तिसरीच आहे," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही की फुटला नाही. जणू गेले अकरा दिवस ती हेच वाक्य तोंडात धरून बसली होती. थोरल्याच्या मनात जे आले ते लपवून ठेवण्याचे या लेखकास कारण नाही. त्याला वाटले, आपण आता नुसते गप्प राहिलो तरी पुरे. एक शब्द खोटा बोलावा लागणार नाही. ती उद्या दारात उभी राहील, गल्ली चार दिवस बोलेल, आणि हे झाकण पुन्हा बंद होईल.

त्याने पाना घेतला आणि स्टेटरचे तीन नट एकामागून एक सोडवले. कडे दोन्ही हातांनी सरळ बाहेर ओढले. चुंबकाने ते सहजी सोडले नाही. सुटले तेव्हा त्याची बोटे केसिंगवर आपटली आणि एका बोटाचे साल गेले. त्याने ते कडे उजेडाकडे धरले. आतल्या लोखंडाला खालच्या अंगाने आरशासारखी चकाकी आली होती, लांबीला चार बोटे. समोर शाफ्टवर बसलेल्या रोटरच्या अंगावरही तशीच चकचकीत रेघ होती.

"तुझं वाइंडिंग नाही हे," तो म्हणाला.

त्याने ते कडे तिच्यापुढे धरले.

"इथे बघ. लोखंड लोखंडाला घासलंय. आधी घासलं, त्यानं तापलं, मग त्याच्या वरच्या दोन कॉइली जळाल्या. तू पंचवीस वेढे कमी दिले असतेस तरी दिवा थोडा मंद झाला असता, एवढंच. माणूस मेला नसता."

धाकटीने ते कडे त्याच्या हातातून घेतले आणि चकाकीवरून अंगठा फिरवला. मग तिथेच जमिनीवर तिने बैठक मारली. तारेने कापलेली आपली बोटे ती पदराला एकेक करून पुसू लागली, आणि सगळी पुसून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पुसू लागली. थोरल्याला वाटले, ती रडेल. ती रडली नाही. पुसता पुसता तिने विचारले,

"मग घासलं कशानं?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होते, आणि विचार करण्याआधीच उत्तर त्याच्या जिभेवर हजर होते.

"फट मोजली नसेल त्यानं," तो म्हणाला. "घाईत राहिलं असेल."

मेलेला माणूस उलटून बोलत नाही. पण धाकटीने मान वर केली.

"नाही दादा. मोजली. माझ्यासमोर मोजली."

तिने सांगितले. त्या दिवशी रोटर आणला तेव्हा नवरा दारातच उभा होता. फडके सोडून त्याने ठिपके बघितले, आणि आधी काम न करता तो तसाच जिना चढून वर गेला. आईला रोटर दाखवला, दादाने दिला म्हणून. आईने तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ ठेवला. मग खाली येऊन त्याने तो बसवला आणि पट्टी फिरवली. पट्टी खाली, या इथेच अडली. तिने सांगितले होते, की माघारी नेऊन देते, बदलून आणते. तो हो म्हणाला नाही. त्याने पट्टी उजेडात धरून बघितली, पुन्हा फिरवली, पुन्हा अडली. मग टेबलाशी येऊन बसला आणि पॉलिश पेपर काढला.

"रोटर घासला का?" थोरल्याने विचारले.

"रोटर नाही घासला. पट्टी घासली."

"पट्टी?"

"म्हणाले, ही फिल्म नव्या दवाखान्यातली आहे, जाड असणार. मी म्हटलं, अहो, इतके दिवस हीच पट्टी वापरता. तर मलाच हसले. म्हणाले, दादानं ठिपके बघून दिलाय. माझी पट्टी चुकेल, दादा चुकायचा नाही. मग ती पट्टी घासून घासून पातळ केली, आणि गेली एकदाची फटीतून. सगळीकडून गेली. मला दाखवलं, बघ, गेली की नाही."

थोरल्याच्या हातातला पाना खाली ठोकळ्यावर टेकला. त्याने तो ठेवला की सुटला, हे सांगता येणार नाही. बाहेर टायरवाला कोणाशी तरी हवेचा दाब किती भरायचा यावरून हुज्जत घालत होता, आणि ती हुज्जत शब्द न् शब्द आत ऐकू येत होती.

मग त्याने रोटरचा मोठा नट सोडवला. रोटर शाफ्टवरून काढला, फडक्याने त्याचे तोंड पुसले, वरचे ग्रीस निघेपर्यंत पुसले, आणि तो धाकटीपुढे धरला. त्याने ठिपक्यांकडे नुसते बोट केले.

तिने रोटर मांडीवर घेतला. ज्या नखाने ती तारेवरच्या वार्निशचा ओरखडा अंधारातही ओळखत असे, ते नख तिने पहिल्या ठिपक्यात घातले. मग दुसऱ्यात. त्या दोहोंच्या कडा वर्षानुवर्षांच्या हाताळणीने मऊ झाल्या होत्या, जशा जुन्या उंबऱ्याच्या होतात. तिसऱ्या ठिपक्यावर नख अडले. तिने ते पुन्हा फिरवले. ते पुन्हा अडले.

"हा नवा आहे," ती म्हणाली.

"हो."

"सासऱ्यांचा नाही."

"नाही."

तिने आणखी काही विचारले नाही. केव्हा, का, कोणी, यांपैकी काहीच नाही. थोरल्याला वाटले, आता ती हे लोखंड उचलून आपल्या कपाळात घालील, आणि तसे झाले असते तर त्याला बरे वाटले असते. तिने रोटर जपून जमिनीवर ठेवला, उठली, कोपऱ्यातल्या घागरीतून पाणी घेऊन हात धुतले आणि पाठमोरीच उभी राहिली. पाणी कोपरांवरून थेंब थेंब गळत होते.

"आई आता उठतील," भिंतीकडे बघत ती म्हणाली. "रोज विचारतात, गाडी उघडली का. माझा धाकटा कामात हयगय करणारा नव्हता, म्हणतात. मी काय सांगत होते माहितीय? सांगत होते, आई, चूक माझी असेल."

थोरला उभा राहिला.

"हे मात्र मला नाही जमायचं," ती म्हणाली. "हे तुम्ही सांगा."

वर खाट करकरली. काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, आणि मग थकलेला पण स्वच्छ आवाज.

"कोण आलंय गं खाली?"

धाकटीने वळून थोरल्याकडे पाहिले, आणि तो काय करतो याची वाट बघत उभी राहिली.

"मी आहे, आई," तो म्हणाला.

वर काठी टेकत टेकत पुढे येऊ लागली.

"थोरला का?" आवाज आता जिन्याच्या तोंडाशी आला होता. काठीने आणि भिंतीच्या आधाराने ती तिथवर सरकत आली असावी. "मग खाली काय उभा राहिलास परक्यासारखा? ये की वर. ये, बाबा. आता मला तू एकटाच आहेस."

थोरल्याने वाकून रोटर उचलला. तो त्याने फडक्यात गुंडाळला नाही. चपला जिन्याखाली काढल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

येथे ही हकीकत पुरी होते. वर काय बोलणे झाले ते या लेखकास ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी लिहिण्याचा धीर झाला नसता. ज्यांनी शेवटपर्यंत वाचले त्यांचे मनापासून आभार मानतो. लिहिण्यात उणे राहिले असल्यास ते पदरात घ्यावे.

आपला नम्र,
बापू वाइंडर